रात्रीच्या प्रवासासाठी हेडलाइटचे बल्ब बदलावेत का?

तापीकाठ, रावेर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची वॅगन आर आहे आणि आठवड्यातून चार दिवस मला रात्री साडेनऊच्या पुढे भुसावळहून रावेरला परतावे लागते. फैजपूर, सावदा मागे पडले की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. रस्त्यावर दिवे नसतात आणि बागेतला काळोख इतका दाट असतो की गाडीचा उजेड त्यात जिरून जातो.

गेल्या गुरुवारी विवऱ्याच्या अलीकडे केळीचे घड भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली माझ्या पुढे चालली होती. तिला मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, आणि घडांवर पसरलेला केळीचा पाला अंधारात मिसळून गेला होता. ती मला दिसली तेव्हा आमच्यात जेमतेम पंचवीस-तीस पावलांचे अंतर उरले होते. ब्रेक लागला, गाडी थांबली, कोणाला काही झाले नाही. पण शेजारी बसलेला माझा मुलगा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

गाडीत कंपनीचे एच फोर हॅलोजन बल्ब आहेत, म्हणजे अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५ वॅट. बाजारात विचारले तेव्हा एकाने १००/९० वॅटचे बल्ब सुचवले, दुसऱ्याने पांढरे एलईडी आणि तिसऱ्याने एचआयडी किट, म्हणजे तंतूऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारे दिवे. तिघांनीही 'दिवसासारखा उजेड पडेल' असे सांगितले. ज्यांनी हे स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

जिभाऊ, पारोळा

भाऊ, बल्बला हात लावण्याआधी गाडीच्या पुढे बसा आणि हेडलाइटची काच दिवसा नीट पाहा. आपण तिला काच म्हणतो, पण ती पॉलिकार्बोनेटची असते आणि आपल्याकडच्या उन्हात आठ-दहा वर्षांत पिवळी, धुरकट पडते. माझ्या गाडीसाठी मीही नवे बल्ब घ्यायला निघालो होतो. अमळनेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दिव्यावर ओला अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, बल्ब चांगला शे, काच खराब शे." जिथे अंगठा फिरला होता तेवढाच भाग काही क्षण आरपार दिसला. मला तेवढ्यात सगळे समजले.

त्यांनी ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून २००० पर्यंत पाणी लावत काच घासली, मग पॉलिश केली आणि शेवटी वरून ऊन रोखणारा क्लिअर कोट दिला. हा शेवटचा थर विसरू नका. तो दिला नाही तर काही महिन्यांतच पिवळेपणा परत येतो. टूथपेस्टचा प्रयोग मी आधी केला होता. त्याने महिनाभर बरे वाटते, पुढे काही नाही.

रातराणी, शहादा

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते समोरून येणाऱ्याच्या बाजूचे आहे. मी शिक्षिका आहे आणि स्कूटरवरून दोंडाईचा-शहादा रस्त्याने ये-जा करते. हिवाळ्यात परतताना अंधार होतोच. सारंगखेड्याच्या तापीच्या पुलावर समोरून पांढरे एलईडी लावलेली गाडी आली की मला पुलाचा कठडाही दिसत नाही. गाडी निघून गेल्यावरसुद्धा पुढची काही सेकंदे डोळ्यांपुढे केवळ एक हिरवट डाग असतो आणि स्कूटर त्या डागाच्या भरवशावर चालते. मागच्या मार्गशीर्षात यात्रेच्या दिवसांत असेच डोळे दिपल्यामुळे मी साइडपट्टीवरून खाली उतरले. तिथे पायी चालणारे एक कुटुंब माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

तापीकाठ दादा, तुमची अडचण खरी आहे. फक्त उपाय निवडताना समोर माझ्यासारखे कोणी असते हे लक्षात असू द्या.

आडवाट, धुळे

मी दोन वर्षांपासून एलईडी वापरतो आणि समाधानी आहे. बल्बच्या जागी बल्ब बसतो, वायर कापावी लागत नाही, बॅटरीवर भार कमी येतो आणि रस्ता पांढरा स्वच्छ दिसतो. ताईंचा त्रास मी समजू शकतो, पण महामार्गावर पुष्कळ ट्रक आज असेच दिवे लावून धावतात. त्यांच्यासमोर हॅलोजनची पिवळी पणती घेऊन मी कसा टिकणार? स्वतःच्या कुटुंबाला सुखरूप घरी आणणे हीसुद्धा जबाबदारीच आहे.

तारजोड, चाळीसगाव

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे आणि बावीस वर्षे हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बल्बचा उजेड त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर अवलंबून असतो हे सर्वांना माहीत असते, पण किती अवलंबून असतो हे फार थोड्यांना माहीत असते. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड दहा टक्के घटत नाही, तो सुमारे तीस टक्के घटतो. आता तुमच्या गाडीतला विजेचा रस्ता पाहा. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून, मग स्टिअरिंगखालच्या स्विचमधून, बारीक तारेने, तीन-चार कपलर (तारा जोडणारे प्लॅस्टिकचे जोड) ओलांडून बल्बच्या होल्डरपर्यंत येते आणि तिथून अर्थच्या तारेने बॉडीवर परत जाते. दहा वर्षांत प्रत्येक जोडावर थोडी काजळी, थोडा हिरवा गंज चढतो. प्रत्येक ठिकाणी थोडी गळती होते आणि बल्बपर्यंत पोहोचेतो एक-दीड व्होल्ट वाटेतच संपलेला असतो.

म्हणून आधी मोजा. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवा. पहिले माप बॅटरीच्या दोन टोकांवर घ्या. दुसरे माप बल्बच्या मागच्या होल्डरवर घ्या, पण बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना. होल्डर काढून मोजाल तर तार रिकामी असल्यामुळे व्होल्टेज पूर्ण दाखवेल आणि तुमची फसगत होईल. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे. एक व्होल्टच्या वर असेल तर जगातला कोणताही बल्ब आणा, तो उपाशीच राहील.

१००/९० वॅटच्या बल्बबद्दलही सांगतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर घेतात. १०० वॅटचे दोन बल्ब सतरा अँपिअरच्या आसपास जातात. तारेची जाडी तीच, स्विच तोच, होल्डर तोच. उष्णता कुठे जाणार ते तुम्हीच ठरवा.

शेतशिवार, धरणगाव

तारजोड अण्णा, मल्टिमीटर नसेल तर ओळखायचे कसे?

तारजोड, चाळीसगाव

शेजाऱ्याचा मागून आणा, पण मोजा. अगदीच नसेल तर डिपर लावून दहा-पंधरा मिनिटे गाडी चालू ठेवा, मग ती बंद करून होल्डर आणि कपलर हाताने चाचपा. प्लॅस्टिक गरम लागले, पिवळे पडले असेल किंवा पिनेजवळ करपल्याची खूण असेल, तर तिथे गळती आहे. बल्बच्या काचेला मात्र हात लावू नका. ती पेटल्यावर कातडी सोलून काढेल इतकी तापते आणि थंड असतानाही बोटाचे तेल तिच्यावर राहिले तर त्या जागी ती जास्त तापून बल्ब लवकर जातो. नवा बल्ब नेहमी कागदात किंवा स्वच्छ फडक्यात धरून बसवा.

घाटवाट, साक्री

तारजोड अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे, कारण ती उष्णता कुठे जाते हे मी पाहिले आहे. २००९ साली आमच्या जीपला मी १३०/१०० वॅटचे बल्ब बसवले. रिले (बल्बची वीज थेट बॅटरीतून चालू-बंद करणारा वेगळा स्विच) नाही, जाड तार नाही, दुकानदार म्हणाला चालते आणि मी ऐकले. पहिले तीन आठवडे मी गावभर उजेड दाखवत फिरलो.

मग विसरवाडीहून परतताना कोंडाईबारी घाटात, वळणावर, दोन्ही दिवे एकदम गेले. मिणमिणले नाहीत, सूचना दिली नाही, एकदम गेले. ब्रेकवर पाय, डाव्या हाताला दरी की डोंगर याचा अंदाज नाही, मागून कंटेनरचा आवाज येतो आहे आणि गाडीत करपलेल्या प्लॅस्टिकचा वास. वडील मागे बसले होते. त्यांनी दार उघडून हातातल्या बॅटरीचा उजेड मागच्या ट्रकवर मारला आणि तो थांबला, म्हणून आज हे लिहितो आहे. सकाळी पाहिले तर स्टिअरिंगखालचा स्विच वितळून एका बाजूला झुकला होता आणि दिव्यातल्या आरशासारख्या पत्र्याची चकाकी उडून तो तपकिरी पडला होता. नंतर जुने बल्ब परत लावले तरी पहिला उजेड कधी आला नाही, कारण परावर्तकच जळला होता. शेवटी दोन्ही दिवे नवे घ्यावे लागले.

भौतिकी, जळगाव

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आडवाट यांनी 'बल्बच्या जागी बल्ब बसतो' असे लिहिले आहे. खरा प्रश्न नेमका तिथेच आहे, म्हणून तो उलगडून सांगतो.

एच फोर बल्ब १९७१ पासून वापरात आहे आणि त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. त्यात दोन तंतू असतात. डिपरच्या तंतूखाली धातूची छोटी पन्हाळीसारखी आडपट्टी असते, जी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते. त्यामुळे तो उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. भिंतीवर जी आडवी रेषा दिसते, वर अंधार आणि खाली उजेड, ती या आडपट्टीमुळे तयार होते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही रेषा डाव्या बाजूला सुमारे पंधरा अंशांनी वर चढते; कडेने चालणारा माणूस दिसावा आणि समोरच्याचे डोळे वाचावेत अशी ही योजना आहे.

हे सगळे गणित तंतूच्या जागेवर बेतलेले आहे. तंतू बारीक असतो, सर्व बाजूंना सारखा उजेड देतो, आणि तो मिलिमीटरभर जरी सरकला तरी झोताचा आकार बिघडतो. एलईडी बल्बमध्ये तंतूऐवजी एका पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप बसवलेल्या असतात. उजेड पुष्कळ असतो, पण तो ज्या बिंदूतून निघायला हवा तिथून निघत नाही. परावर्तकाला ही अदलाबदल कळत नाही. तो मिळेल तो उजेड जुन्याच हिशेबाने फेकतो आणि त्यातला बराचसा रेषेच्या वर जातो. रातराणी यांच्या डोळ्यांत जातो तो हाच. एचआयडी किट साध्या परावर्तकात बसवले तरी हेच होते, उलट जास्त होते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर खूप उजेड पडला की चालवणाऱ्याला छान दिसते असे वाटते, पण त्याची स्वतःची बाहुली आकुंचन पावते आणि साठ मीटरवरची ट्रॉली त्याला पूर्वीपेक्षा उशिरा दिसू शकते. पांढरा झगमगाट आणि लांबवर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळे एलईडी वाईट असे मी म्हणत नाही. ज्या दिव्याची रचनाच एलईडीसाठी झालेली असते, तो उत्तम काम करतो. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बांना परवानगी मिळाली आहे, पण ती ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरती, प्रत्येक जोडी तपासून दिलेली आहे. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मनाप्रमाणे फेरबदल करण्यावर बंधन घालते आणि झोत खाली वळलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटलेले आहे.

आडवाट, धुळे

सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री गाडी घराच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली. रेषा आहे, पण ती फाटक्या कपड्याच्या किनारीसारखी आहे आणि वर दोन मोठे पांढरे डाग आहेत. शेजाऱ्यांच्या हॅलोजनच्या गाडीची रेषा त्याच भिंतीवर पट्टीने आखल्यासारखी होती. हा फरक मी मान्य करतो.

तरीही शेतरस्त्यावर, जिथे समोर कोणी नसते, तिथे मला एलईडीचाच उपयोग होतो या मतावर मी कायम आहे. महामार्गासाठी मात्र विचार करतो आहे.

गवळण, भडगाव

आमच्या गाडीतल्या एलईडीबद्दल एक प्रत्यक्ष अडचण सांगते. बल्बच्या मागे पंखा असल्याने दिव्याचे मागचे रबरी झाकण बसेना, म्हणून बसवणाऱ्याने ते कापले. पहिल्याच पावसाळ्यात दिव्यात पाणी साचले आणि उन्हाळ्यात धुळीने पंखा अडकला. एलईडीची उष्णता बुडाशी साठते. पंखा थांबला की उजेड कमी होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल!

चष्मा, अमळनेर

मी नेत्रतपासणीचे काम करते. धाग्यात गाडीच्या दिव्यांबद्दल बरेच आले, चालवणाऱ्याच्या डोळ्यांबद्दल आले नाही, म्हणून लिहिते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो, कारण वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्याभोवती कडे दिसते आणि उजेड पसरतो. माझ्याकडे गेल्या वर्षी एक काका आले होते, जे दीड वर्षात तीनदा बल्ब बदलून चुकले होते. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि चष्म्याचा नंबर जुना होता. तापीकाठ दादा, तुमचे वय मला माहीत नाही, पण चाळिशी ओलांडली असेल तर एकदा तपासून घ्या. पुढची काच आतून पुसता का, हेही विचारते. आतल्या बाजूला धुळीचा आणि तेलकट वाफेचा पातळ थर बसतो, दिवसा तो जाणवत नाही आणि रात्री समोरचा प्रत्येक दिवा त्यावर फुलतो.

तापीकाठ, रावेर

सर्वांचे मनापासून आभार. मी एकेचाळीस वर्षांचा आहे; ताई, तपासणीची वेळ घेतली आहे.

रविवारी तारजोड अण्णांनी सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि उजव्या दिव्याच्या होल्डरवर १२.२ व्होल्ट. डावीकडे १२.४. मी तीन वेळा मोजले, कारण माझा विश्वास बसत नव्हता. उजव्या होल्डरची एक पिन काळी पडली आहे. जिभाऊंनी सांगितले तसे दिव्यावर ओला अंगठाही फिरवला आणि त्यांना जे दिसले तेच मला दिसले.

तारजोड, चाळीसगाव

१.७ व्होल्ट वाटेत जातात म्हणजे तुमचा एक तृतीयांश उजेड तारांमध्येच संपतो आहे. आता पुढचे ऐका.

रिलेचे वायरिंग किट घ्या, सिरॅमिक होल्डरचे. त्यातील तार अडीच चौरस मिलिमीटरच्या खाली नको आणि ती तांब्याचीच हवी. टोक खरवडून आत पांढरी ॲल्युमिनियम निघाली तर परत करा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला थेट बॅटरीची तार येईल, ८७ वरून बल्बला जाईल, आणि ८५-८६ वर तुमच्या जुन्या होल्डरचा सिग्नल येईल. म्हणजे जुना स्विच फक्त रिले उघडझाप करेल आणि बल्बचा भार त्याच्यावरून जाणार नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज नसलेली जाड तार कुठे घासली तर गाडी पेटते. अर्थ बॉडीच्या रंगावर बसवू नका, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे कडे) लावा आणि वर ग्रीस द्या.

बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा, चांगल्या कंपनीचा, नवा, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. जास्त उजेडाचे म्हणून मिळणारे ६०/५५ वॅटचे बल्ब खरोखर लांब झोत देतात, पण त्यांचा तंतू जास्त तापवलेला असतो, म्हणून आयुष्य कमी असते. निळसर काचेचे घेऊ नका. निळा रंग म्हणजे काचेने अडवलेला उजेड. आणि चार्जिंग १४.५ च्या वर जात नाही ना हेही पाहा, कारण व्होल्टेज पाच टक्के वाढले तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

बागायतदार, यावल

मी केळी उत्पादक आहे, माझ्या दोन ट्रॉल्या आहेत, आणि तापीकाठ भाऊंनी सुरुवातीला लिहिलेला ट्रॉलीचा प्रसंग वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. कापणी दुपारी सुरू होते, घड वाहून गाडी भरेपर्यंत अंधार पडतो, आणि व्यापाऱ्याचा ट्रक थांबलेला असतो. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची तार शेतात दर आठवड्याला तुटते. हे सगळे खरे आहे आणि तरीही चूक आमची आहे.

काल मी दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे आणि बाजूंना लाल-पांढरी परावर्तक पट्टी लावली. तिला तार लागत नाही, बॅटरी लागत नाही. मात्र एक गोष्ट लावल्यावर कळली: घडांवरचा पाला खाली लोंबला की पट्टी झाकली जाते. म्हणून फाळक्यावरच्या पट्टीशिवाय खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवरही चिकटवली. ट्रॉली धुतली नाही तर चिखलाने ती आंधळी होते, म्हणून चालकाला रोज फडके मारायला सांगितले आहे.

तापीकाठ भाऊ, मी गाडीही चालवतो, म्हणून विचारतो: त्या रात्री वेग किती होता?

तापीकाठ, रावेर

बागायतदार भाऊ, सत्तरच्या आसपास होता. पुढे सावदा-रावेर रस्ता मोकळा दिसत होता.

भौतिकी, जळगाव

मग हिशेब मांडू. ताशी सत्तर म्हणजे सेकंदाला साधारण साडेएकोणीस मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर एकोणतीस मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर लागतात. एकूण सत्तावन्न. डिपरच्या उजेडात काळपट वस्तू चाळीस ते साठ मीटरच्या दरम्यान ओळखू येते, आणि तुमचा उजेड एक तृतीयांशाने कमी होता. ताशी पंचावन्नला हेच एकूण अंतर चाळीस मीटरवर येते.

भालदेव, धुळे

चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणारे भाविक आमच्या धुळे-मालेगाव रस्त्याने रात्रीच चालतात, कारण दिवसा ऊन सोसवत नाही. मी दरवर्षी त्यांच्यासाठी पाण्याची सोय करतो. गाडीवाल्यांचा अप्पर पाहून माणसे रस्ता सोडून खड्ड्यात उतरतात. आता आम्ही त्यांच्या पाठीवरच्या पिशवीला तीच लाल-पांढरी पट्टी बांधतो. समोर पायी चालणारा दिसला तरी डिपर करावे, एवढे सर्व चालकांना सांगणे आहे. पादचाऱ्याला परत लाइट मारता येत नाही.

जिभाऊ, पारोळा

दिवे उघडले की त्यांची पातळी बिघडते, म्हणून शेवटी झोत जुळवून घ्या. सपाट जागा आणि भिंत लागते. आम्ही जिनिंगच्या आवारातली भिंत वापरतो. टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी एक माणूस, आणि दिवे वर-खाली करण्याचे बटण असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीला टेकवून बल्बच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने खूण करा. मग गाडी सरळ मागे पाच मीटरवर न्या. डिपरची आडवी रेषा खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली आली पाहिजे, कारण साधारण दर मीटरला एक सेंटिमीटर उतार धरतात. दिव्यामागचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत एका वेळी एकच दिवा जुळवा आणि दुसऱ्यावर पोते टाका.

रातराणी, शहादा

आणि मागच्या सीटवर चार माणसे, डिकीत गव्हाची पोती टाकून लग्नाला निघाल तेव्हा गाडीचे नाक वर होते. ते बटण त्यासाठीच दिलेले आहे. ते कधीच न फिरवलेले पुष्कळ लोक मला रोज भेटतात.

तापीकाठ, रावेर

काम पूर्ण झाल्याचे कळवतो. काच घासून तिच्यावर कोट दिला, रिलेचे किट बसवले, ६०/५५ चेच नवे बल्ब टाकले. होल्डरवर आता दोन्हीकडे १३.५ व्होल्ट मिळतात. काळी पडलेली जुनी पिन मी काढून मुलाला दाखवली. तो ती कंपास पेटीत ठेवून शाळेत घेऊन गेला. बाजार समितीच्या भिंतीवर झोत जुळवायला दीड तास लागला, कारण उजव्या दिव्याचा स्क्रू गंजला होता.

काल रात्री विवऱ्याच्या त्याच पट्ट्यातून पंचावन्नने आलो. मैलाचा दगड, साइडपट्टीची कड, एका बागेच्या कुंपणाची तारसुद्धा पूर्वीपेक्षा बऱ्याच आधी दिसली. एक ट्रॉली पुढे होती. तिच्यावर पट्टी नव्हती, पण तिच्या मागच्या चाकांच्या पोलादी कडा मला वेळेवर दिसल्या.

रातराणी ताई, तुमचे वाक्य डोक्यात होते, म्हणून एक काम आणखी केले. धाकट्या भावाला शेतरस्त्यावर डिपर लावून गाडी उभी करायला सांगितली आणि मी दोनशे मीटरवरून दुचाकीने गाडीच्या दिशेने आलो. डोळे बारीक करावे लागले नाहीत. रस्त्याच्या डाव्या कडेची बाभूळ, तिच्याखाली ठेवलेली पाण्याची टाकी आणि गाडीशेजारी उभा असलेला भाऊ, तिन्ही मला शेवटपर्यंत दिसत होते. मग मी त्याला अप्पर लावायला सांगितले, आणि पुढच्याच क्षणी बाभूळ गेली, टाकी गेली, भाऊही दिसेनासा झाला.